दिराला न दिलेला रिपोर्ट

शहरातल्या एका लॅबमध्ये मी रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर बसायचे. कन्नड तालुक्यातून जीपनं एक जण आला की गावातल्या चौघांचे रिपोर्ट तोच घेऊन जायचा, अशी तिथली रीत. शेजाऱ्याची भाजी आणावी तितक्या सहज. ह्यात कुणाला वावगं वाटत नसे. मला वाटायचं आणि मी ते बोलून दाखवायचे, म्हणून सगळे मला खडूस म्हणायचे. म्हणोत बापडे.

एकदा एक विधवा बाई रक्त देऊन गेली. नवऱ्याला ज्या आजारानं नेलं, तो आपल्यालाही आहे का, हे तिला पाहायचं होतं. गावच्या शाळेत ती मुलांची खिचडी शिजवायची. जाताना खिडकीशी वाकून म्हणाली, "ताई, माझ्याबिगर कोणाला देऊ नका. गावात नुसती कुजबूज झाली तरी माझ्या हातचं कोणी खाणार नाय."

रिपोर्ट तयार झाला त्याच दिवशी तिचा दीर हजर. तिला इथून निघताना गावातल्या कुणीतरी पाहिलं असणार.

"वहिनीचा रिपोर्ट द्या."

"त्यांचा त्यांनाच मिळेल."

"घरचाच माणूस हाय मी! घरच्या बाईचं घरच्याला सांगत नाय, ही कुठली रीत?"

आवाज ऐकून मालक बाहेर आले. "अहो, देऊन टाका. कशाला गिऱ्हाईक तोडता?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "द्यायचा तर तुमच्या हातानं द्या. मी चालले घरी." मालक आल्या पावली आत गेले. दीर शिव्या घालत निघून गेला. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. घरी जाऊन तो सगळा राग तिच्यावर काढणार, हे दिसतच होतं.

पुढच्या आठवड्यात माहेरी जाते सांगून ती आली. उभ्या उभ्याच रिपोर्ट वाचला. त्यात काय होतं, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, इथंही सांगणार नाही. मग तिनं तो माझ्याकडे सरकवला.

"तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, ताई."

"अहो, तुमचा आहे. घरी जपून ठेवा."

"कुठं ठेवू? माझ्या पेटीची चावी बी दिराकडंच असती."

मला फार वाईट वाटलं. मी तो पाकिटात घालून लॅबमधल्या आमच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं. ती दारापर्यंत गेली आणि परत आली.

"ताई, इथं रोज तुमीच बसता ना?"