कस्टमवाल्याच्या घरातली वाफ

गेबहार्ट ओक्लेनं उभी हयात दुसऱ्यांच्या गाड्यांच्या डिक्क्या उघडण्यात घालवली. जर्मनीतलं कॉन्स्टान्झ शहर जिथं संपतं तिथंच स्वित्झर्लंड सुरू होतं; मधे रस्त्यावर कस्टमची चौकी. त्या चौकीवर तो आपली कुत्री घेऊन उभा असायचा. पिठाच्या पुड्यात, बाळाच्या दुपट्यात, सुट्या चाकाच्या पोटात, लोक गांजा कुठंकुठं दडवतात हे त्याला तोंडपाठ होतं. कुत्रीनं वास घेऊन खाली बसकण मारली की समोरच्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडायचा. गेबहार्ट तो चेहरा शांतपणे बघायचा आणि म्हणायचा, "चला, आत येऊन बोलू."

निवृत्त झाला आणि आतड्याचा कर्करोग निघाला. केमोनं रोग हटला, पण हातापायांच्या नसा मात्र जळाल्या. तळपाय रात्रंदिवस निखाऱ्यावर ठेवल्यासारखे पेटायचे आणि गंमत अशी की त्याच पायांना जमीन लागलेली कळायची नाही. बोटंही तशीच. शर्टाचं बटण लावायला बायको लागायची. गोळ्यांचे प्रकार झाले, मलमं झाली. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता गांजाची फुलं लिहून देते. वाफ घ्यायची."

गेबहार्टला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "बाई, मी कस्टममध्ये होतो."

"मग वास ओळखीचा असेल," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

गांजा औषध म्हणून घ्यायला कायद्यानं मुभा मिळून तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. पण कायदा डोक्यात शिरायला वेळ लागतो, अंगात भिनायला त्याहून जास्त. औषधाच्या दुकानाकडे जाताना गेबहार्ट दोनदा मागं वळून बघत होता. पोलिसांचं भय नव्हतं, कागद खिशात होता. धास्ती होती ती स्वतःचीच. चौकीवर त्यानं अशी पोरं पाहिली होती जी स्वतःचं नाव सांगताना हसत सुटायची, काही भिंतीला चिकटून थरथरायची. आपला ताबा सुटला तर? नको ते तोंडातून निघालं तर? आणि दुसरी धास्ती बेन्नोची. बेन्नो त्याच्याच हाताखाली तयार झालेला, आता त्याच चौकीवर कुत्री सांभाळणारा. दर गुरुवारी तो, चौकीवरचा जुना सोबती अल्फोन्स आणि गेबहार्ट ओक्लेच्या स्वयंपाकघरात पत्ते कुटायचे.

दुकानाच्या मालकीण ओझजानबाईंनी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि दोन व्हेपोरायझर, म्हणजे वाफ काढायची यंत्रं, टेबलावर ठेवले. एक चष्म्याच्या डबीएवढा. दुसरा मिक्सरएवढा, डोक्यावर भलीथोरली पारदर्शक पिशवी बसवायचा.

"जाळायचं नाही, तापवायचं," त्या म्हणाल्या. "जाळलं की धूर, आणि धूर छातीला वाईट. हे एकशे ऐंशी अंशांवर ठेवा. फुलं भाजल्यासारखी तपकिरी झाली तर बरोबर, काळी झाली तर चुकलं."

"हे लहान चालेल."

"हात दाखवा बघू." त्यांनी त्याची बोटं दाबून पाहिली. "कळतंय?"

"थोडंसं."

"मग मी मोठंच सांगेन. लहानाची जाळी नखाएवढी असते, ती दर थोड्या दिवसांनी काढून साफ करायची. तुमच्या हातून निसटेल. शिवाय त्याचं तोंड गरम होतं. मोठ्याची वाफ पिशवीत भरते, पिशवी काढून घ्यायची, निवांत ओढायची. चटक्याचा प्रश्न नाही."

"पण ते दिसतं," गेबहार्ट म्हणाला.

"कुणाला?"

तो शेवटी लहानच घेऊन घरी आला. हे खिशात मावत होतं, मोज्यांच्या खणात मावत होतं.

त्याची बायको ट्राउडल पोस्टात काम केलेली, फटकळ बाई. यंत्र बघून म्हणाली, "हे एवढंसं? लपवतोयस कुणापासून? माझ्यापासून तर नाही ना?"

"बेन्नोपासून."

"बेन्नो तुझे मोजे हुंगायला येतो का रे?"

पहिल्या दिवशी तो न्हाणीघरात कडी लावून, खिडकी उघडी टाकून, टबाच्या काठावर बसला. छाती इतकी धडधडत होती की यंत्राचा दिवा हिरवा झालेला त्याला उशिरा दिसला. तीन झुरके घेतले आणि वाट बघत बसला, वेड लागायची. वेड काही लागलं नाही. अर्ध्या तासानं पायाखालचे निखारे जरा राखेखाली गेल्यासारखे झाले, एवढंच. पण त्यालाही तो घाबरला. ज्या वस्तूमुळे लोकांना बेड्या पडताना पाहिल्या, तिनंच आपल्याला बरं वाटावं, हे त्याला पटेना.

पुढं घराला नवीनच शिस्त लागली. वाफ घ्यायची तर आधी ट्राउडलनं कांदा परतायचा, वास दबावा म्हणून. कांदा घातलेला मैद्याचा केक त्या महिन्यात इतक्या वेळा झाला की ती म्हणाली, "तुझ्या पायांचं काय व्हायचं ते होवो, मला आता कांदा बघवत नाही."

एका सकाळी कॉफी ओतताना तिनं त्याचा हात धरला. "हे काय?"

अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर टपोरे पांढरे फोड होते. एक फुटून ओला झाला होता. गेबहार्टनं तो पहिल्यांदाच पाहिला. यंत्र गरम असतानाच जाळी काढायला गेला होता, आणि बोटं भाजत असताना त्याला पत्ता नव्हता. उद्या यंत्र गादीवर सुरूच राहिलं, किंवा झोपेत त्यावर हात पडला, तर? दुखणं ओळखीचं झालं होतं; न दुखता आपलं मांस शिजतंय, हे मात्र भयंकर होतं.

ट्राउडलनं कोट चढवला. "चल. मोठं आणायचं."

मोठं यंत्र झोपायच्या खोलीत कपाटावर आलं. सुरू केलं की घरघरायचं, पिशवी हळूहळू फुगून उभी राहायची. गेबहार्टला ती बघवायची नाही. खोलीत कुणीतरी तिसरं उभं आहे असं वाटायचं. गुरुवारी पत्त्यांच्या आधी तो यंत्र कपाटात ढकलायचा, त्यावर ब्लँकेट, ब्लँकेटवर उशा. बेन्नो कुत्री गाडीत ठेवून यायचा तरी गेबहार्टचं लक्ष पत्त्यांत नसायचं. अल्फोन्स चिडायचा, "अरे टाक की पान! झोपलास का?"

सफाईचं मात्र राहून जायचं. फुलांतून चिकट राळ निघते आणि जाळीवर बसते. जाळी काढायची, ब्रशनं झटकायची, स्पिरिटमध्ये बुडवून ठेवायची, पूर्ण वाळली की परत बसवायची. ऐकायला सोपं. पण त्याच्या बोटांतून जाळी सुटून जमिनीवर पडायची आणि मग कॉटखाली गुडघे टेकून शोधायला लागायचं. ट्राउडल म्हणायची, "दे इकडे, मी करते." तो देत नसे. या घाणीला तिचा हात लागू नये असं त्याला वाटायचं. मग तो नुसता वरवर ब्रश फिरवून यंत्र बंद करायचा.

हळूहळू वाफ पातळ झाली. पिशवी भरायला वेळ लागू लागला आणि पाय पुन्हा पेटायला लागले. गेबहार्टच्या मनानं घेतलं की सवय झाली, आता हे वाढतच जाणार, चौकीवरच्या त्या पोरांसारखं. याच भीतीनं त्यानं डॉक्टरीणबाईंना काही सांगितलं नाही. एका चिमटीच्या दोन केल्या, दोनाच्या सव्वादोन.

नोव्हेंबर उजाडला. शहराला लागून असलेल्या मोठ्या सरोवरावरचं धुकं गल्लीबोळांत शिरून बसलं. बुधवारी दुपारी तो डुलकी काढत असताना ट्राउडलनं यंत्र उघडलं. जाळी जळक्या तव्यासारखी काळी झाली होती. तिनं ती स्पिरिटमध्ये बुडवली, घासली, हीटरजवळ न ठेवता खिडकीत वाळवली, चकचकीत करून बसवली आणि पाण्यातल्या व्यायामाला निघून गेली. सांगायचं तिच्या लक्षात आलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

गेबहार्ट उठला, नेहमीसारख्या सव्वादोन चिमट्या घातल्या. पिशवी आज पटकन भरली, आणि आत दाट, दुधाळ. बरं झालं, असं वाटून त्यानं ती सगळी संपवली.

थोड्या वेळानं त्याला वाटलं कुणीतरी छातीवर ठोकतंय. मग कळलं की ते आपलंच काळीज. जीभ टाळूला चिकटली. घड्याळाचा काटा दोन ठोक्यांमध्ये इतका वेळ थांबायचा की त्याला वाटलं घड्याळ बंद पडलं, मग वाटलं आपणच बंद पडतोय. भिंत पुढे सरकली. हात आपलेच, पण दुसऱ्या कुणाच्या कोटातून बाहेर आल्यासारखे. तो भिंतीला धरून ओट्यापर्यंत गेला, पाणी प्यायला ग्लास उचलला आणि तो पडून फुटला. "ट्राउडल!" त्यानं हाक मारली. आवाज लांबून आला. घरात कुणी नव्हतं. आपण इथं मरणार आणि ती येऊन काय बघणार, तर आपण आणि ते यंत्र.

तेवढ्यात बेल वाजली.

गेबहार्ट जागचा हलला नाही. बेल पुन्हा वाजली. दारापलीकडून आवाज आला, "साहेब! बेन्नो आहे. दिवा दिसतोय, उघडा की. नवी पोरगी दाखवायला आणलीय."

नवी पोरगी म्हणजे नवी कुत्री. घरभर वास, कपाटावर यंत्र, आणि दाराशी कस्टमचा माणूस कुत्री घेऊन. उघडलं तर अब्रू जाणार, न उघडलं तर जीव. किती वेळ तो तसाच उभा होता हे त्याला पुढं कधी सांगता आलं नाही. शेवटी एकटं मरण्याची भीती जास्त भरली. त्यानं दार उघडलं.

"साहेब, ही विल्मा," म्हणत बेन्नो आत आला आणि थांबला. "काय झालं? चेहरा बघा तुमचा."

तांबूस रंगाची तरणी कुत्री नाक वर करून थबकली. मग पट्टा ताणून सरळ झोपायच्या खोलीत गेली, कपाटासमोर पोचली आणि ताठ बसली. शेपूट जमिनीवर आपटत मालकाकडे बघत राहिली.

बेन्नोनं यंत्र पाहिलं, रिकामी पिशवी पाहिली, दुकानाची चिठ्ठी लावलेली डबी उचलून वाचली. गेबहार्ट दाराच्या चौकटीला चिकटून उभा होता, अगदी चौकीवरच्या त्या पोरांसारखा.

"बेन्नो, मी मरतोय," तो म्हणाला.

बेन्नोनं आधी खिशातून एक रबरी चेंडू काढला आणि विल्माला दिला. "तिनं काम चोख केलंय, तिचं तिला द्यायलाच हवं," तो म्हणाला. मग गेबहार्टच्या काखेत हात घालून त्याला कॉटवर बसवलं आणि डबीवरच्या नंबरावर फोन लावला.

ओझजानबाईंनी किती घेतलं विचारलं, छातीत कळ आहे का, डाव्या हातात आहे का, नीट बोलता येतंय का. बेन्नो एकेक प्रश्न पुढं करत होता, गेबहार्ट मान हलवत होता. "कळ नाही म्हणतात. नुसती धडधड... बरं. बरं." फोन ठेवून तो म्हणाला, "तुम्ही मरत नाही. जास्त झालंय. तास-दोन तासांत उतरेल. पाणी प्यायचं, बसून राहायचं. छातीत दुखलं तर मी गाडी बोलावणार, तेव्हा खरं सांगायचं."

"तू मला पकडणार."

"कशासाठी? औषध घेतलं म्हणून?"

"कुत्री बसली."

"कुत्रीला चिठ्ठी वाचता येत नाही, साहेब."

गेबहार्टला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटून त्यानं तोंडावर हात दाबला. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बेन्नोनं ते पाहिलं नाही असं दाखवलं. तो आपल्या जावयाच्या नव्या बोटीबद्दल बोलत राहिला, ती कशी पहिल्याच दिवशी चिखलात रुतली, जावई कसा कंबरभर पाण्यात उतरला. गेबहार्टला निम्मं कळत नव्हतं, पण आवाज थांबू नये असं वाटत होतं. विल्मा चेंडू तोंडात धरून त्याच्या पावलांवर येऊन पडली. तिचं ओझं मात्र त्याला कळलं.

ट्राउडल ओल्या केसांनी आली तेव्हा धडधड ओसरत होती. सगळं ऐकून ती मटकन खुर्चीत बसली. "जाळी मी साफ केली," ती म्हणाली. "बाई गं, मी साफ केली आणि बोलले नाही."

"आणि मी दोनाच्या सव्वादोन केल्या आणि बोललो नाही," गेबहार्ट म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. सवय-बिवय काही झाली नव्हती, जाळी तुंबली होती. मात्रा पुन्हा एका चिमटीच्या आत आली, तीही आता चिमटीनं नाही तर ट्राउडलच्या स्वयंपाकाच्या छोट्या काट्यावर तोलून. जाळी ती काढते, स्पिरिट ती ओतून ठेवते. यंत्र पूर्ण गार झालंय की नाही ते तीच हात लावून बघते, कारण त्याच्या हाताचा भरवसा नाही. तो पिशवीची नळी धुतो आणि जुनी झाली की नवी बसवतो. ती घरात नसेल तर यंत्र सुरू करत नाही.

पुढच्या गुरुवारी बेन्नो काही बोलला नाही. गेबहार्टनंच पत्ते पिसताना सांगून टाकलं. अल्फोन्सनं हातातली पानं खाली ठेवली. "म्हणजे आपण बावीस वर्षं जे पकडलं, ते तू..." डाव संपेपर्यंत बसला, आणि त्यानंतर आला नाही. तिघांचा खेळ दोघांत होत नाही, म्हणून आता तिसरी ट्राउडल बसते आणि बहुतेक वेळा तीच जिंकते.

पाय पूर्ण बरे झाले नाहीत. पण बूट चढवता येतात, धुकं नसलं की तो सरोवरापर्यंत जाऊन येतो. मागच्या आठवड्यात धक्क्यावर समोरून अल्फोन्स येताना दिसला. गेबहार्टनं टोपीला हात लावला. अल्फोन्स रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेला. घरी आल्यावर ट्राउडलनं विचारलं, "पिशवी भरू का?" तो हो म्हणाला. पिशवी फुगायला लागली की तो अजूनही नजर दुसरीकडे वळवतो. तिला ते ठाऊक आहे, म्हणून ती तो झुरका घेईपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहते.