शर्टाच्या खिशाएवढा पूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. नदीच्या भिंतीवरचा तो लाल पट्टा खोटा आहे. मीच मारलाय.

बोरिवलीत आमची बिल्डिंग दहिसर नदीला लागून. एका पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरलं, तेव्हा मीटिंगमध्ये ठरलं की उंबरठ्याची उंची मोजायची आणि त्याच पातळीवर नदीच्या भिंतीवर पट्टा मारायचा. पाणी पट्ट्याच्या जवळ आलं की सामान वर. काम माझ्याकडे आलं, कारण मीटिंगमध्ये गप्प बसलेला मी एकटाच.

उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उतरलो. मोजमाप नीट केलं, पण खूण आली माझ्या डोक्याच्या बरीच वर. शिडीच्या दोन पायऱ्या चढलो, तिसरी काही चढवेना. मग खाली उतरून, हात आरामात पोचत होता तिथे रंग फासला. शर्टाच्या खिशाच्या उंचीवर.

तेव्हापासून मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की पट्टा बुडतो. ग्रुपवर बोंबाबोंब. तळमजल्यावरच्या काकूंचा फ्रिज दोऱ्या बांधून दुसऱ्या मजल्यावर, आमच्या हॉलमध्ये. पुढून उचलायला मी. उंबरठा मात्र कोरडाच. थोडक्यात वाचलो, असं सगळे म्हणतात. काकू मालवणच्या. फ्रिज वर आलाच आहे तर म्हणून त्यातल्या बांगड्यांचं तिखलं आमच्याच ओट्यावर करतात. मी दोनदा वाढून घेतो. तोंड रिकामं असतं तर खरं बोललोही असतो.

यंदा फ्रिज परत खाली नेला, तर काकू धापा टाकत जिन्यातच बसल्या.

"घर इकतंय रे," त्या म्हणाल्या. "तुझ्या पट्ट्याक सारखां पाणी लागतां. एक दिस आत येतलांच."

मी म्हटलं, "काकू, त्या पट्ट्याचं एवढं काही मनावर घेऊ नका."

"असां कसां? तोच तर वाचवता आमका."

मी "हो" म्हणालो आणि आत जाऊन फ्रिजचा प्लग लावला.

रविवारी त्यांचं घर बघायला लोक येणार आहेत. यजमान गेल्यापासून काकू त्या घरात एकट्याच आहेत आणि त्यांना जायचं नाहीये, हे मला ठाऊक आहे. त्यांना खरं सांगणं मी अजून देणं लागतो. आणि पाऊस सरला की शिडी चढून मारलेला एक पट्टा.