ट्रेडमिलच्या चौकशीला नाचणगाव

सावंगीच्या दवाखान्यातून यांना सुट्टी झाली, तेव्हा डॉक्टरीणबाई गोळ्यांबद्दल यांच्याशी बोलल्या आणि चालण्याबद्दल माझ्याशी. रोज चालले नाहीत तर पुन्हा याच खाटेवर येतील, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. मी घाबरले. हे मात्र शेजारच्या पेशंटला स्वतःच्या हृदयात नळी कशी टाकली ते समजावून सांगत होते.

चालायला हे बाहेर पडत नव्हते असं नाही. रोज पडायचे. पण आमच्या वर्ध्यातल्या गल्लीत प्रत्येक फाटकाशी कोणीतरी उभं असतं आणि तब्येत विचारतं. यांच्यात एक खोड आहे. विचारलेल्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर द्यायचं नाही. मग नळीची गोष्ट पहिल्यापासून व्हायची, चहा यायचा, चहाबरोबर चिवडा यायचा. तासाभराने हे घामाघूम होऊन परत येत आणि आज भरपूर चालणं झालं म्हणून आडवे होत. एकदा मी गच्चीवरून पाहिलं, तर भरपूर म्हणजे कोपऱ्यावरच्या कडुलिंबापर्यंत. पुढे ऊन तापायला लागलं आणि कडुलिंबही लांब पडू लागला.

म्हणून घरात ट्रेडमिल घ्यायची ठरली. स्वस्तातली, पण टिकणारी. पुण्याला असलेल्या लेकीने मोबाईलवर दोन-चार दाखवल्या आणि म्हणाली, आई, रिव्ह्यू वाचून घे.

मी वाचले. दुपारभर वाचले. एकाने पाच स्टार देऊन लिहिलं होतं, पॅकिंग सुंदर आहे, अजून उघडलं नाही. दुसऱ्याने लिहिलं होतं, सासऱ्यांना भेट दिली, ते खूश आहेत. सासऱ्यांना कोणी विचारलं होतं कोणास ठाऊक. सहा जणांचं कौतुक तर शब्दाला शब्द सारखं होतं, जणू एकाच बाईने सहा पोरांचा गृहपाठ करून दिला होता. एक स्टारवाल्यांची तऱ्हा वेगळी. कोणाला सामान घेऊन आलेला माणूस उर्मट वाटला, कोणाला रंग फोटोतल्यासारखा नव्हता. मशीनवर चालून पाहिलेला माणूस काही सापडेना.

हे माझ्या खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "हे काय वाचून राह्यली? ज्याची वस्तू, तो चांगलीच म्हणन. चौकशी करा लागते."

इथे सांगायला हवं की आमच्या घराण्यात कुठेही सोयरीक जुळवायची असली की चौकशीला यांनाच पाठवतात. त्याची यांची एक रीत आहे. ज्या घरची चौकशी, त्या घरी शेवटी जायचं. आधी गावातलं किराणा दुकान गाठायचं. मग शेजारघरी पाणी मागायचं. माणसं खरं बोलतात का, तोलूनमापून बोलतात की फुगवून सांगतात, हे तिथे कळतं. यांच्या या रीतीने आजवर दोन लग्नं मोडलीत आणि दोन्ही वेळा यांचं कौतुक झालंय.

आमच्या दूधवाल्याकडून कळलं की नाचणगावात त्याच्या ओळखीच्या एका घरी हीच मशीन आहे, अगदी याच कंपनीची. फोन करू म्हटलं, तर यांनी मला वेड्यात काढलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच यांच्या अंगात उत्साह दिसत होता, म्हणून मी गप्प बसले. चांगली साडी नेसले, यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि आम्ही एसटीने पुलगावला उतरून ऑटोने नाचणगावला गेलो.

किराणा दुकानात यांनी आधी बिस्किटाचा पुडा घेतला आणि मग हळूच त्या घराचं नाव काढलं. माणसं कशी आहेत जी? बोलायला खरी आहेत का? घरात कोण कोण असतं? दुकानदाराने माझ्या साडीकडे पाहिलं, यांच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि माणसं एकदम सोनं आहेत असं सांगितलं. शेजारच्या बाईंनी तर पाण्यासोबत गूळ दिला. आम्ही मशीनचं नावही काढलं नव्हतं. यांच्या रीतीत ते शेवटी असतं.

आम्ही त्या घरी पोचलो तेव्हा आमच्या आधी बातमी पोचलेली होती. पलंगावर घडी मोडलेली नवी चादर, ओल्या फडक्याने नुकतीच पुसलेली फरशी. आम्ही बसतो न बसतो तोच पोहे आले. ते घेऊन आली ती त्यांची मुलगी, कॉलेजच्या वयाची, भुवया आक्रसलेली.

मशीन समोरच होती. दसऱ्याला लावलेलं कुंकवाचं बोट तिच्यावर अजून होतं. दाराआड कपड्यांचा ढीग घाईने कोंबलेला दिसत होता, कारण एक बाही बाहेर लोंबत होती. घरचे काका यांच्याच वयाचे, शर्टाच्या उघड्या गुंडीतून गळ्याशी काळा दोरा. यांनी मशीनचा विषय काढताच ते म्हणाले, एकदम फर्स्ट क्लास, आमची पोरगी रोज पहाटे उठून चालते. काकू म्हणाल्या, सैपाक आटोपून चालते. हे माझ्याकडे बघून मान डोलवायला लागले, बघ, याला म्हणतात रिव्ह्यू.

मग काकूंनी विचारलं, "मुलगा काय करते जी तुमचा?"

यांच्या तोंडात पोहे होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं, पण मला पुढे काय होतं ते बघायचं होतं. तेवढ्यात काकूंनी मुलीला सांगितलं, मावशीले मागचं अंगण दाखव. मी उठले.

अंगणात पोरगी धुण्याच्या दगडाशी थांबली आणि दबक्या आवाजात सुरू झाली. स्वयंपाक येत नाही. उठायला उशीर होतो. राग फार आहे. आणि ती मशीन भंगार आहे, पट्टा सरकतो, आवाजाने शेजारी भिंत ठोकतात. ती मशीनला एक स्टार देत होती आणि स्वतःला तर तोही नाही.

मी म्हटलं, "पोरी, आमाले मुलगाच नाई. एक पोरगी आहे, तिचं लग्न झालं. आमी खरंच मशीन पाहाले आलो."

ती मग त्याच दगडावर बसून तोंडावर ओढणी धरून हसली, आणि मीही हसले. हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि नीट सांगितलं. मशीन ठीक आहे. पट्ट्याखाली तेल सोडावं लागतं. खाली रबराची चटई टाकली की आवाज कमी होतो. बाबांसाठीच घेतली, त्यांचंही हृदयाचंच दुखणं.

"चालतात का मग?" मी विचारलं. मला तेवढंच हवं होतं.

"मी बाजूले उभी राहून बोलत राह्यली तर चालतात," ती म्हणाली. "मी कॉलेजले गेली की त्यावर कपडे. म्हणून तर सांगते मावशी, मले इतक्यात लग्न नाई करायचं. बाबांच्या बाजूले कोण उभं राह्यन?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आत आले. आत गेल्यावर तिनेच हसत हसत सगळं सांगून टाकलं. काका आधी ओशाळले, मग सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. मला वाटतं त्यांनाही सुटल्यासारखं झालं. जाताना दुकानदाराने साखरपुडा कधी म्हणून विचारलं आणि यांनी त्याला सगळी हकीकत इतकी तपशिलात सांगितली की पुलगावची एसटी चुकली.

मशीन आली. हे आठवडाभर तिच्यावर हौसेने चालले, आणि मग एका सकाळी तिच्यावर टॉवेल वाळताना दिसला. मी टॉवेल काढला, स्वयंपाकघरातलं स्टूल आणून मशीनशेजारी ठेवलं आणि मेथी निवडत बसले. यांना वर चढवलं. बोलायला विषय हवा म्हणून मोबाईलवरचे रिव्ह्यू मोठ्याने वाचायला लागले. कोणी लिहिलं होतं, ही मशीन वापरून महिन्यात माझा कायापालट झाला. हे चिडले. खोटारड्यांना उत्तर देता देता यांची पावलं भराभर पडायला लागली. वर्ध्यात इतक्या रागाने कोणी चाललं नसेल. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, छान, असंच चालू द्या.

मग मला ताप आला. मी गोधडी घेऊन पडून होते आणि मशीनचा आवाज येत नव्हता. पहिल्या दिवशी मी यांना ओरडले. दुसऱ्या दिवशी ओरडायचं त्राण नव्हतं, नुसती भीती वाटत होती. मी नसले तर हा माणूस चालणार नाही, हे मला तापातही स्वच्छ दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी हे खाटेशी येऊन उभे राहिले. हातात ते स्टूल.

"थोडी उठतं का वं," म्हणाले. "मले चालाचं आहे."

"चाला ना मंग. मी काय धरून ठेवलं?"

यांनी स्टूल खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "एकट्यानं नाई जमत मले."

तीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला काही जमत नाही असं सांगितलेलं नाही. मी गोधडी गुंडाळून स्टुलावर जाऊन बसले. हे चालू लागले. कंपनीवाले कधीपासून माझ्या मागे लागले होते, वस्तू कशी आहे ते कळवा म्हणून. मी मोबाईल घेतला, चार स्टार दिले आणि यांना वाचून दाखवत लिहिलं: मशीन चांगली आहे. शेजारी एक स्टूल आणि त्यावर बसायला घरचं माणूस लागतं. ते खोक्यात येत नाही.