व्हर्नाची लाल पाटी

मंगळवारी सकाळी मी व्हर्ना हॉगनच्या थांबलेल्या स्कूलबसला ओलांडून सरळ पुढे निघून गेलो. मी गाडी घेऊन समोरून येत होतो. बसचे लाल दिवे लुकलुकत होते, 'थांबा' लिहिलेली लाल पाटी बाजूला उघडली होती. हे सगळं मला दिसलं. पण व्हर्नाचा हात हलतानाही दिसला, आणि तिथेच घात झाला.

आमच्या मिनेसोटात चौकात चार गाड्या एकदम आल्या, की चौघेही हात हलवून 'आधी तुम्ही' म्हणत बसतात. माझं निम्मं आयुष्य अशा चौकांत गेलंय. समोरच्याने हात केला आणि आपण गेलो नाही, तर तो उद्धटपणा. म्हणून मीही हात हलवला, हसलो आणि निघालो. व्हर्ना बोलावत होती ती रस्त्याच्या माझ्या बाजूला उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या टेसाला. आरशात पाहिलं तर पोरीचा एक पाय रस्त्यावर, दुसरा गवतात, आणि व्हर्नाचा हॉर्न थांबायला तयार नाही.

व्हर्ना एकतीस वर्षं ही बस चालवते. थंडीत पहाटे साडेचारला उठून इंजिन गरम करते. हातमोजे विसरणाऱ्या पोरांसाठी बिस्किटांच्या डब्यात स्वतः विणलेले जोड ठेवते. तिचा नवरा ऑरिन एकदा गवताचा ट्रक घेऊन अशीच पाटी ओलांडून गेला. तिने त्याचा नंबर शेरीफला कळवला. कोर्टाच्या दिवशी मात्र त्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली आणि सोबत सँडविच बांधून दिलं. ऑरिन ही गोष्ट मरेपर्यंत कौतुकाने सांगायचा.

माझी अडचण वेगळी होती. दर गुरुवारी मी चर्चची व्हॅन चालवतो, सहा म्हाताऱ्यांना चाळीस मैलांवरच्या इस्पितळात नेतो. हा गुन्हा नावावर लागला की वर्षभर ती व्हॅन चालवता येत नाही. संध्याकाळी बायकोने केलेल्या लिंबाच्या वड्या घेऊन मी व्हर्नाचं दार वाजवलं.

"ये, लाईल. वड्या कोणी केल्यात?"

"मार्जने."

"मग खायला हरकत नाही."

"व्हर्ना, मला वाटलं, तू मलाच जा म्हणतेयस."

"एकतीस वर्षांत मी कुठल्या गाडीला जा म्हटलंय? दिवे लाल असले की माझा हात फक्त पोरांसाठी. तुम्ही पाटी बघायची. वीस फूट अलीकडे थांबायचं, आणि पाटी आत जाईपर्यंत हलायचं नाही. समोरून येत असलात तरी."

"टेसा कशी आहे?"

"दुपारी बसमधून उतरेना. बोट धरून दारापर्यंत सोडली."

तरी माणूस निर्लज्ज असतो.

"नंबर कळवलास?"

"नंबर कशाला? नावच सांगितलं. साडेआठला."

"अगं, पण माझ्यासाठी नको, त्या म्हाताऱ्यांसाठी तरी विचार करायचास. ग्लॅडिसला डायलिसिस चुकवता येत नाही. परवा त्यांना कोण नेणार?"

व्हर्नाने दुसरी वडी उचलली, निम्मी खाल्ली, बोटं पुसली आणि माझ्यापुढे तळहात धरला.

"नऊ ते दोन मी रिकामीच असते, किल्ल्या दे."