खात्रीचा थेंब

ॲलर्जीच्या दवाखान्यात मुलांच्या हातावर टोचून तपासणी करणाऱ्या बाईंना सगळे सुईमावशी म्हणायचे. बावीस वर्षं हेच काम. पोराचा हात पुसायचा, पेनाने आकडे घालायचे आणि प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब ठेवायचा: झुरळ, धुळीतले किडे, मांजराचा कोंडा, परागकण, बुरशी. मग थेंबातून हलकेच टोचायचं आणि पंधरा मिनिटांनी उठलेली गांध पट्टीने मोजायची. शी! कसल्या कसल्या घाणीचे अर्क ते! इतक्या वर्षांनीही झुरळाची बाटली मावशी दोन बोटांतच धरायच्या.

पण खरी किळस यायची ती माणसांची. "आमच्याकडे झुरळं? छे हो, एकसुद्धा नाही," म्हणणाऱ्या एका आईच्या पर्समधूनच एक टुणकन बाहेर आलेलं. त्याहून डोक्यात जायच्या त्या चोरून औषध देणाऱ्या. तपासणीआधी आठवडाभर सर्दीचं औषध बंद ठेवायचं, एवढं साधं. तरी लेकराला दोन शिंका आल्या की भरलाच चमचा! शेवटचा थेंब खात्रीचा असतो. त्याने प्रत्येकाच्या हातावर गांध उठतेच. नाही उठली, तर अंगात औषध आहे आणि सगळी तपासणी पाण्यात. मग मावशी त्या आईला अशा फैलावर घ्यायच्या, की बाहेर बाकावरची पोरंसुद्धा चिडीचूप व्हायची.

आणि आज समोर त्यांचीच सहा वर्षांची नात बसली होती, सोबत सून. पोरीचं नाक कित्येक महिने वाहत होतं, छाती घरघरत होती. सुनेने तिच्या खोलीतलं कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीवर काळी, लवदार बुरशी, चांगली हातभर. मावशींना ओकारीच आली. ज्या घराची फरशी त्या दिवसातून दोनदा पुसायच्या, त्या घरात? भिंत दोनदा दुरुस्त केली, पण ओल काही हटेना. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, तपासणीत बुरशी निघाली तर आम्ही दुसरीकडे राहायला जातो. पोरीच्या श्वासाशी खेळ नको."

नात गेली तर घर खायला उठणार. वर सासूचं घर कुजकं होतं, हे गावभर होणार ते वेगळंच. मावशींनी काय करावं? पाच दिवस नातीला शाळेत सोडताना वाटेत एकेक चमचा सर्दीचं गोड औषध पाजलं. "आईला सांगायचं नाही हं!" गांध मोजणाऱ्या त्याच, डॉक्टर नुसती सही करायचे. पकडणार कोण?

पंधरा मिनिटं झाली. हात सपाट. खात्रीच्या थेंबापाशीही नुसता टोचल्याचा ठिपका. मावशींनी त्यापुढे धडधडीत 'सहा मिलिमीटर' लिहिलं.

"बुरशी-बिरशी काही नाही गं," त्या सुनेला म्हणाल्या.

तेवढ्यात डॉक्टर आत आले. "मावशींची नात! आज मी स्वतः बघणार." त्यांनी हात उजेडात धरला, मग कागद पाहिला. "मावशी, खात्रीची तर उठलीच नाही. सहा कुठून आणलं?"

मावशी पट्टी पुसू लागल्या. डॉक्टर सुनेकडे वळले. "औषध दिलंत ना?"

"नाही हो, डॉक्टर! शप्पथ नाही!" सुनेचे डोळे भरले. "बाटलीला हातसुद्धा लावला नाही."

नात आजीकडे बघत होती, ओठ गच्च मिटून. आपल्या आईला बोलणी बसताहेत हे कळत होतं तिला, तरी आजीला दिलेला शब्द पाळत होती बिचारी. झुरळाची, बुरशीची कधी आली नव्हती एवढी किळस मावशींना त्या क्षणी स्वतःची आली. सहा वर्षांच्या पोरीला आपण हे शिकवलं?

"मी दिलं," त्या म्हणाल्या. "पाच दिवस. मीच."

सून ओरडली नाही. पोरीची बाही हळूहळू मनगटापर्यंत खाली ओढली आणि मग म्हणाली, "पाच दिवस तिचं नाक वाहत नव्हतं, आई. काल मी माहेरी फोन करून सांगितलं, पोरगी बरी होतेय म्हणून."