रोज सकाळी ओली गोधडी

आमच्या घरात त्या थंडीत कोंबडा किंवा गजर यांची गरज नव्हती. अक्का होत्या. "बठ्ठं वलं शे वं माय! बठ्ठं!" सगळं ओलं झाल्याची एवढी एक आरोळी आली की मी ताडकन उठून बसायचे.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मी शाळेत नोकरीला जाते म्हणून नातीला सांभाळायला शिरपूरकडच्या गावाहून जळगावला, आमच्या फ्लॅटवर आल्या होत्या. नात दीड वर्षाची. ती रात्री अक्कांच्या कुशीत, अक्कांच्या गोधडीवर झोपायची आणि पहाटेपर्यंत ती गोधडी चिंब करून ठेवायची. बरं, डायपर लावलेलं असायचं! साधं नाही, पाकिटावर हसरं बाळ आणि रात्रभर कोरडेपणाची हमी छापलेलं. त्या बाळाचा मला इतका राग यायला लागला होता की पाकीट मी कपाटात उलटं ठेवायचे.

उन्हाळ्यात आमच्याकडे गोधडी चहा उकळेपर्यंत वाळते. थंडीत मात्र ती दिवसभर गॅलरीत लोंबकळत राहते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विचारलंच, "पाहुणे उतरलेत का गं? रोज अंथरुणं दिसतात वाळत घातलेली." मी म्हटलं, "नाही हो, बाळाचं." तेवढ्यात नवरा जिना उतरत होता. त्याच्याकडे काकूंनी असं काही पाहिलं, की बिचारा चार दिवस मान खाली घालून जा-ये करत होता.

हा नवरा ठिबकच्या नळ्या विकतो. रावेरकडच्या केळीच्या बागांत पाणी थेंबाथेंबानं कसं सोडायचं हे शेतकऱ्यांना समजावतो. मी म्हटलं, "अहो, तुमचं सगळं आयुष्य गळतीत गेलं. घरातली एक गळती सापडेना?" मग साहेबांनी पाहणी केली. मोबाइलचा टॉर्च मारला, डायपरच्या कडा चाचपल्या आणि निकाल दिला, "प्रेशर जास्त आहे." मोठा आकार आणला. एकावर एक दोन लावून पाहिली. पोरगी बदकासारखी चालायला लागली आणि स्वतःच खदखदून हसायला लागली. संध्याकाळी पाणी कमी केलं, तर तिनं भोकाड पसरून इमारत डोक्यावर घेतली. सकाळी गोधडी ओलीच. विचित्र म्हणजे मांड्या कोरड्या ठणठणीत, आणि फ्रॉक मागून कमरेपासून पाठीपर्यंत ओला!

इथवर हसण्यावारी नेलं. पण मग पोरीला सर्दी झाली, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, ओल्यात झोपू देऊ नका. माझं डोकं फिरलं. मी अक्कांना तोंडावर सांगितलं, "आजपासून ती माझ्याजवळ झोपेल. खाली रबर घालीन, रात्रीतून दोनदा बदलीन."

अक्कांचा चेहरा एवढासा झाला. "मनी नात मनाजोडेच राही," त्या म्हणाल्या, पण आवाजात रोजचा जोर नव्हता.

त्यांचं दुःख मला कळत नव्हतं असं नाही. पोरगी दिवस भरायच्या आधीच जन्मली. दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, तेव्हा अक्कांना आत सोडत नव्हते. दाराच्या काचेला नाक लावून ही बाई तासन्‌तास उभी राहायची. पोर घरी आली त्याच दिवशी त्यांनी तिच्या कमरेला काळ्या सुताचा करदोडा बांधला आणि तेव्हा कुठे घोटभर चहा घेतला. पुढे पोरगी वाढेल तसा नवा करदोडा यायचा. पण रीत अशी, की आधी नवा बांधायचा आणि मगच जुना कापायचा. "कंबर उघडी ठेवानी नही," अक्का बजावायच्या. "एक घडीबी नही."

तर आता पेच असा होता: पोर कोरडी राहिली नाही, तर अक्कांच्या कुशीतून उठणार. मी दोन दिवसांची मुदत दिली. दिली म्हणजे काय, अक्कांनी न बोलता नुसतं बघून मागून घेतली.

रविवारी सकाळी मी मोरीत कपडे भिजवत होते. नवऱ्यानं अंग पुसून पंचा बादलीत टाकलेला, तोही अर्धा बाहेर लोंबता. बाहेरच्या टोकातून पाणी टपटप गळून मोरीबाहेर तळं झालेलं. "अहो, डोळे कुठे ठेवता?" म्हणून मी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. सुती कापड. एक टोक पाण्यात, एक बाहेर.

धावत जाऊन मी पोरीचा फ्रॉक वर केला. करदोडा पुढून डायपरच्या आत, मागून बाहेर! आतला भाग अक्का रोज रात्री स्वतःच्या हातानं खोचायच्या. धागा अंगाला लागला पाहिजे ना. सुताला काय, भिजायचंच काम. पुढून ओल प्यायची, मागे फ्रॉकला पाजायची.

खात्री म्हणून अक्कांच्या डब्यातला करदोडा घेतला, एक टोक पाण्याच्या वाटीत, दुसरं बाहेर वर्तमानपत्रावर. भाकरी थापून होईस्तोवर पेपर ओला. नवरा वाटीकडे बघत म्हणाला, "अरे, हे तर मी रोज लोकांना शिकवतो." मी म्हटलं, "म्हणूनच दिसलं नाही."

मी आनंदानं नाचायची बाकी होते. मग अक्कांकडे लक्ष गेलं. त्या वाटीकडे बघत होत्या. "मना धागामुळे?" एवढंच विचारलं त्यांनी. माझं हसू जिरलं.

"वर सरकवून ठेवू," मी घाईघाईनं म्हटलं. सरकवला. पण दीड वर्षाचं गोल पोट ते. धागा तासाभरात घसरून पुन्हा जागेवर. आवळून बांधला तर वळ उठला. नवरा म्हणाला, चांदीची साखळी करू. अक्कांनी नकारार्थी मान हलवली, सूतच हवं. पायात बांधू म्हटलं, तर पोरगी पायाचा अंगठासुद्धा चोखते. धागा गिळला असता. मी मनाशी ठरवलं, झोपेल माझ्याजवळ, काय बिघडतं. करदोडा काढण्याचा घास अक्कांना गिळायला लावायचा नाही.

मी तसं म्हणायच्या आतच संध्याकाळी अक्कांनी पोरीला मांडीवर घेतलं. कात्री मागितली नाही. गाठ नखानं सोडवत बसल्या. पोरगी गुदगुल्या होऊन खिदळत होती. धागा सुटला तशा अक्कांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि मला म्हणाल्या, "लाव तुनं ते डायपर."

सकाळी आरोळी आली नाही. मला जाग उलट त्यामुळेच आली. अनवाणीच त्यांच्या खोलीत गेले. गोधडी चाचपली. कोरडी! फ्रॉक कोरडा! "अक्का, जिंकलो आपण!" मी ओरडलेच.

अक्का जाग्याच होत्या. डोळे लाल. कुशीवर वळून त्यांनी पोरीच्या कमरेभोवती हात टाकला होता आणि बोटं पाठीमागून आवळून धरली होती. हात बधिर झाला असणार. बोटं पांढरी पडली होती.

"उजाडनं ना?" त्यांनी मला विचारलं. "आते काढू का हात?"

मला रडू फुटलं. मी खाली बसले, पोरीच्या कमरेवर आधी माझा हात ठेवला आणि मग त्यांचा हळूच उचलला.