पाटावरचे लढवय्ये

आमच्या चिखलीच्या घरात पुढच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. पाहुणा आला की आधी तिथं जाऊन उभा राहतो आणि मला विचारतो, "नातवंडांची खेळणी का हो?" मी म्हणते, "नाही, आमच्या दिरांची आहेत." मग पाहुण्याची पंचाईत होते, कारण दीर समोरच बसलेले असतात. निम्मं डोकं पांढरं, नाकावर चष्मा, मांडीवर पेपर. पाहुणा चहा येईपर्यंत कपाटाकडे पुन्हा बघत नाही.

धाकट्या दिरांनी लग्न केलं नाही. का नाही केलं ते जाऊ द्या, मला सांगायचं ते वेगळंच आहे. ते आमच्यापाशीच राहिले, चाकणला कंपनीत फिटर म्हणून लागले आणि त्यांना हा एक नाद लागला. वीतवीतभर उंचीची ही माणसं. कुणाच्या हातात तलवार, कुणाच्या ढाल, एकाला पंख, एकाचं तोंड सरड्यासारखं. परदेशी असतात. त्यांना अ‍ॅक्शन फिगर म्हणतात म्हणे. भावजी त्यांना 'गडी' म्हणतात. मग मीपण तेच म्हणायला लागले.

पहिला गडी त्यांनी पहिल्या बोनसमधून आणला, पिंपरीच्या बाजारातून. मी भाकऱ्या थापत होते. ओट्यावर माझ्या परातीशेजारी त्यांनी डबा ठेवला आणि टर्रकन फाडला. त्या गड्याचा हात फिरवला की कट्ट आवाज यायचा, गुडघा वाकवला की परत कट्ट. म्हणाले, "वहिनी, बगा, साला काय सांधा बसवलाय! एक सूत ढिला न्हाई."

आमचे हे बाहेरून ओरडले, "आरं, लोकं बोनसमधून बायकोला साडी घेत्यात, तू भावली आन."

"भावली न्हाई दादा, लढवय्या हाय त्यो."

"मग त्याला म्हणावं, उद्या पाण्याच्या लाइनीत तू उभा ऱ्हा."

डबा मी ठेवून घेतला. चांगला जाड पुठ्ठा होता. त्यात मी पुढं कपड्यांचे चिमटे ठेवले. असे कितीतरी डबे माझ्या घरात झिजले. काहींत लसूण, काहींत शिवणाचं सामान, आणि फाटले ते बंबात. तेव्हा आम्हाला कुणालाच, अगदी भावजींनासुद्धा, डब्याचं काय वाटत नव्हतं. गडी बाहेर आला की डब्याचं काम संपलं.

आता खंडेनवमीचं सांगते. आम्ही मूळचे शेतकरी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं धुऊन पाटावर मांडायची आणि हळदकुंकू लावून झेंडू वाहायचा, ही आमच्याकडची रीत. मी लग्न होऊन आले तेव्हा विळे, कोयते, खुरपी, कुदळी, पहारी, एवढं सगळं असायचं की दोन पाट लागायचे. मग जमीन बिल्डरकडे गेली. आमच्या उसाच्या जागी आता सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यांच्या खालीच आमची भाड्याची दुकानं. हत्यारं कुणी मागून नेली, काही भंगारात गेली. एका वर्षी मी पाट मांडला तर त्यावर एक विळी, एक पहार आणि माझी भाजी चिरायची सुरी. आमचे हे पाटाकडे बघत नुसते उभे राहिले. 

भावजी आतल्या खोलीत गेले आणि दोन्ही हातांत गडी घेऊन आले. ओळीनं पाटावर मांडले.

"हे काय रं?" ह्यांनी विचारलं.

"हत्यारंच हायत की दादा समद्यांच्या हातात. खोटं असलं तर सांगा."

हे हसले. त्या दिवशी पहिल्यांदा. मी ताट घेतलं आणि एकेकाच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. सरड्यासारख्या तोंडाच्याला कपाळच सापडेना, तर भावजी म्हणाले, "लावा की नाकावर, त्याला काय कळतंय." तेव्हापासून दर वर्षी तसंच. शेजारच्या बायका मुद्दाम बघायला यायच्या. एक पाट भरला, पुढं दुसराही लागला.

मग महागाई आली. तशी ती नव्हती कधी म्हणा, पण तेलाची, गॅसची महागाई आपल्याला कळते, माणूस दोन शिव्या देतो आणि घेतो. ह्या गड्यांची महागाई वेगळी. त्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही, त्यामुळे कुणी मोर्चा काढत नाही. आधी एका बोनसमध्ये दोन-तीन गडी यायचे. मग एकच यायला लागला. मग दोन वर्षांनी एक. पिंपरीचं ते दुकान मोबाइलची कव्हरं विकायला लागलं. भावजी फोनवर बघायला लागले. डॉलर वाढला, परदेशातून यायचा खर्च वाढला, वर सरकारचा कर, असं काय काय मला सांगायचे. रात्री जेवण झालं की फोनवर गडी बघायचे, मोठा करून बघायचे, फिरवून बघायचे आणि फोन बंद करायचे.

"बघायला पैसं पडत न्हाईत, येवढं बरं हाय," आमचे हे म्हणायचे.

पूर्वी रविवारी त्यांचे चार मित्र यायचे, एक देहूरोडचे, एक रहाटणीचे, दोघं कंपनीतलेच. सगळे पन्नाशीचे बाप्ये जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि एकमेकांचे गडी हातात घेऊन सांधे वाजवायचे. माझ्या घरात नुसतं कट्ट कट्ट. मी म्हणायचे, "अहो, सुपारी कातरताय का काय?" पण एकानं पोरीच्या फीसाठी सगळे विकले, एकाच्या सुनेला घरात जागा पाहिजे होती, आणि नवीन काही घेणं होईना तर भेटून दाखवायचं काय? येणं बंद झालं.

भावजींची एकच इच्छा राहिली होती. घोडेस्वार. त्यांचे बरेचसे गडी एकाच संचातले, सगळे पायी लढणारे. त्या संचातला घोड्यावरचा सरदार तेवढा नव्हता. तो आधीपासूनच महाग होता, आणि भावजी जरा पैसे साठवायचे तोवर तो पुढं निघून जायचा. शेवटी शेवटी तर त्याची किंमत ऐकून मी म्हटलं, "भावजी, एवढ्यात खरा घोडा येईल की बैलगाडीच्या शर्यतीत पुढं पळवायला!" ते म्हणाले, "वहिनी, रिटायर व्हायच्या आत येवढा एक घिऊ दे. पगार थांबल्यावर कोन घेतंय?" रिटायरमेंट दीड-दोन वर्षांवर आली होती.

त्या वर्षी खंडेनवमीला त्यांच्या कंपनीतला एक इंजिनिअर जेवायला आला. तिशीचा असेल, सांगलीकडचा, बोलायला गोड. त्यालाही हाच नाद. पाटासमोर तो गुडघ्यावर बसला आणि एका गड्याला बोटसुद्धा न लावता म्हणाला, "काका, हा तुमच्याकडे आहे? अहो, हा आता मिळत नाही."

"व्हय? आमच्याकडं लई वर्सं हाय त्यो."

"डबा?"

मी म्हटलं, "त्यात चिमटे होते बाबा."

तो हसला, पण डोळे मिटून, दाढ ठणकल्यासारखा. मग त्यानं आकडा सांगितला. डबा असता तर एवढे, डबा नाही पण गडी स्वच्छ असता तरी एवढे. आकडा ऐकून आमच्या ह्यांनी हातातला पेढा परत ताटात ठेवला. "आणि हे लाल-पिवळं असताना?" भावजींनी विचारलं. पोरगा माझ्याकडे बघून ओशाळला. म्हणाला, "मग कुणी घेत नाही काका. पण राहू द्या ना, तुम्हाला कुठं विकायचेत!"

तो वाईट नव्हता. त्यानं कौतुकानंच सांगितलं. पण आकडा एकदा घरात शिरला की तो जेवून परत जात नाही. त्या रात्री भावजी कपाटासमोर बराच वेळ उभे होते. इतकी वर्षं ते गड्यांचे सांधे बघायचे, आता डाग बघत होते. मला काय ते दिसत नव्हतं? सात-आठ गडी स्वच्छ करून विकले की घोडेस्वार येतो, हा हिशोब त्यांच्या तोंडावर मला वाचता येत होता. मी वाट बघत होते, मला विचारतील म्हणून.

दिवाळीच्या आधी मी नणंदेकडे बारशाला गेले होते. संध्याकाळी आले तर मागच्या पडवीत वास. रंगाच्या दुकानात येतो तसा. भावजी खाली बसलेले, पुढं पत्र्याचा ट्रे.

त्यांनी थिनर वापरलं होतं. कंपनीत पार्टवरचा डाग असाच काढतात ना. आधी एका गड्याच्या पायाच्या तळव्यावर फडक्यानं लावून बघितलं. तळवा कडक प्लास्टिकचा, काही झालं नाही. मग कंपनीच्याच सवयीनं पार्टांचा लॉट टाकावा तसे आठही गडी एकदम ट्रेमध्ये पालथे घातले आणि चहा प्यायला आत गेले. तोंडं मऊ रबरासारखी होती, हे ध्यानात आलं नाही. चहा पिऊन आले तोवर डोळे, भुवया, ओठ सगळं वाहून गेलं होतं. उकडून सोललेले बटाटे कसे दिसतात, तशी तोंडं. हळद मात्र होती तिथंच होती.

"भावजी, हे काय केलंत?"

"काय न्हाई वहिनी. जरा पुसाया घेतलं व्हतं."

"मला तरी विचारायचं."

त्यांनी वर बघितलं नाही. "तुमाला कसं इचारू? तुमी येवढ्या वर्सांचं हौसंनं लावल्यालं. तुमाला वाटायचं, माज्या हातानं घाण झाली."

 माणूस आपल्याला जपायला जातो आणि स्वतःचं नुकसान करून घेतो, तेव्हा त्याला रागावताही येत नाही. पण खरं सांगू का, कपडे धुतलेल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, हळद उन्हानं जाते. साडीवर सांडली तर आपण काय करतो? धुऊन कडक उन्हात वाळत घालतो, दोन दिवसांत डाग उडतो. कुंकवाला खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचा. गच्चीवर सुपात गडी ठेवले असते, पापडांच्या शेजारी, तर तेवढ्यात काम झालं असतं. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही, पुढंही नाही. सांगून काय मिळणार होतं? लिहिते आहे खरी, पण माझं लिहिलेलं ते वाचत नाहीत. म्हणतात, "वहिनी, तुमी बोलता त्येवढंच लई हाय."

आमचे हे आत आले, ट्रे बघितला. मला वाटलं, आता टोमणा मारणार. त्यांनी खाली बसून एक एक गडी फडक्यानं कोरडा केला आणि परत कपाटात नेऊन ठेवला, तोंडं मागच्या बाजूला करून. पाठीकडून बघितलं तर अजून लढवय्येच दिसत होते.

त्यानंतर भावजी रिटायर झाले. घोडेस्वार आला नाही. मी एकदा म्हटलं होतं, माझ्या भिशीचे घ्या. तर म्हणाले, "आता नगं वहिनी. घेतला तर रोज त्याची किंमतच दिसंल मला. गडी दिसायचा न्हाई."

आणि मग एका रविवारी तो सांगलीकडचा इंजिनिअर आला, कापडी पिशवीत काहीतरी छातीशी धरून. भावजींच्या पुढ्यात त्यानं ते काढलं. घोडेस्वार. त्यानं घेतला होता, हप्त्यांवर. "म्हटलं, काकांना आधी दाखवू." त्याचं मन मोठं, नाही म्हणता येणार नाही.

भावजींनी हात लुंगीला पुसले आणि डबा घेतला. घोडा काळा, मान वळवलेली. वर सरदार. पुढं पारदर्शक प्लास्टिक, त्याच्यावर आणखी एक प्लास्टिकची पेटी, डब्याला ओरखडा पडू नये म्हणून. भावजींनी डबा खिडकीपाशी नेला, खालून बघितला, वरून बघितला.

"घोड्यावरनं उतरतोय का रं ह्यो?"

"असेल काका. डब्यावर काही लिहिलेलं नाही."

"उघडून बघितला न्हाईस?"

"उघडला की निम्मी किंमत जाते ना काका. पुढंमागं विकायला लागला तर..."

"ते बी खरंच," भावजी म्हणाले आणि डबा परत दिला. मी पोहे केले होते. पोरानं डबा सोफ्यावर उशीच्या आड ठेवून खाल्ले, आणि खाताना दोनदा तिकडे बघितलं. भावजी पण बघत होते.

परवा त्याचा फोन आला. फोन लाऊडवर होता, म्हणून मला ऐकू आलं. त्यानं घोडेस्वार विकला. घराचा हप्ता वाढला होता, आणि किंमत चांगली आली. फायदा झाला.

"बरं झालं. तुझं काम झालं," भावजी म्हणाले. मग विचारलं, "आनि ज्यानं घेतला, त्यानं उघडला का?"

"छे हो काका! त्यानंही ठेवायलाच घेतलाय. दोन वर्षांनी अजून चढेल."

फोन ठेवल्यावर भावजी मला म्हणाले, "वहिनी, म्हंजी त्या घोड्यावरनं अजून कुनीच उतरलं न्हाई."

मी म्हटलं, "चला, जेवायला वाढते."